उघडता येतं म्हणून टिकतं

न्यू जर्सीतल्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी काम करते, तिथे येणाऱ्या घड्याळांत सगळ्यात जास्त वेळ लागतो तो क्रोनोग्राफला. केसच्या उजव्या अंगाला चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं असतात. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की तो एका झटक्यात बारावर येऊन बसतो. गिऱ्हाइकाला दिसतं ते एवढंच. पण ही दोन बटणं नेमकी चालावीत म्हणून आत काय काय भरलेलं असतं, ते मागचं झाकण काढल्यावरच कळतं. रोलेक्सचं ४१३० हे कॅलिबर भाग कमी करून सुटसुटीत केल्याबद्दल नावाजलं जातं, आणि त्यातही २०१ भाग आहेत. कॅलिबर म्हणजे घड्याळाच्या आतलं अख्खं यंत्र. ते करंगळीच्या नखापेक्षा फार मोठ्या नसलेल्या चाकांचं, त्याहून लहान तरफांचं आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या स्प्रिंगांचं बनलेलं असतं.

या घड्याळांबद्दल लोक बोलतात ते बहुतेक किमतीबद्दल. ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप्स लिलावात अभिनेता पॉल न्यूमन यांची रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेली, तेव्हा महिनाभर दुकानात येणारा प्रत्येक जण तोच विषय काढायचा. न्यूमन यांना ते घड्याळ त्यांच्या पत्नी जोअ‍ॅन वुडवर्ड यांनी दिलं होतं आणि मागच्या झाकणावर गाडी जपून चालवण्याची सूचना कोरून घेतली होती. न्यूमन स्वतः शर्यतीत गाड्या चालवायचे. म्हणजे ते घड्याळ ज्या कामासाठी घडवलं होतं, त्याच कामात वापरलं गेलं. मला त्या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं. क्रोनोग्राफ हे शोभेचं नाही, मोजण्याचं हत्यार आहे. आणि हत्यार टिकतं ते दोन कारणांनी: कोणीतरी ते वापरतं म्हणून, आणि कोणाला तरी ते उघडून पुन्हा जोडता येतं म्हणून. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला सांगायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या कारणाबद्दल.

मी मूळची सांगलीची. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काचेचं कपाट, एक टेबल आणि मागे भिंतीला टेकलेला स्टूल. एचएमटीचा तो काळ. १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीने घड्याळं काढायला सुरुवात केली आणि बघता बघता ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावं घराघरांत गेली. मुलगा नोकरीला लागला की एचएमटी, जावयाला लग्नात एचएमटी, शाळामास्तर निवृत्त झाले की सत्काराला एचएमटी. बाबांच्या टेबलावर रोज तीच घड्याळं. ते डोळ्याला आयग्लास लावायचे, पेट्रोलमध्ये ब्रशने भाग धुवायचे, रबरी फुग्याने हवा मारायचे आणि सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन एकेका ज्वेलला, म्हणजे चाकाचं टोक ज्यात फिरतं त्या खड्याला, लावायचे. मी बी.एस्सी.ला असताना सुट्टीत त्यांच्या शेजारी बसायची. त्यांचा नियम एकच होता. ते म्हणायचे, ‘‘अगं, उघडायला कोणालाही येतं. काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला आहे त्याच भोकात परत गेला पाहिजे. ते जमत नसेल तर झाकणाला हात लावू नये.’’

लग्नानंतर अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. मला नोकरीची परवानगी नव्हती. आपल्याकडच्या हजारो शिकलेल्या मुलींनी हा काळ इथे काढला आहे, त्यामुळे त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. पेनसिल्व्हेनियात कोलंबिया नावाचं गाव आहे. तिथे घड्याळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, हे कळल्यावर एका शनिवारी आम्ही गेलो. जिन्याएवढी उंच घड्याळं, रेल्वेची घड्याळं, खिशातली घड्याळं, ओळीने मांडलेली. एका काचेमागे बाबांच्या टेबलावर असायची तशीच हत्यारं होती: तोच चिमटा, तेच स्क्रूड्रायव्हर, तीच काटे बसवायची दांडी. ही विद्या इथेही आहे आणि इथे ती शिकवणाऱ्या शाळा आहेत, हे मला त्या दिवशी समजलं. पुढे कागदपत्रांचं काम मार्गी लागल्यावर मी त्याच राज्यात रीतसर शिक्षण घेतलं.

अमेरिकेत शिकले म्हणून एक गोष्ट नीट समजली. घड्याळाचे भाग एकमेकांशी बदलता यावेत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली ती इथेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घड्याळ घडवणारा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला घासून, जुळवून बसवायचा. एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसेलच असं नसायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावच्या कारखान्याने यंत्रावर एकसारखे भाग काढायला सुरुवात केली. १८७६मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात वॉल्थमची स्क्रू काढणारी स्वयंचलित यंत्रं मांडली होती. ती पाहून लाँजिनचे अभियंते जाक दाव्हिद यांनी स्वित्झर्लंडला परखड अहवाल दिला: आपण अशी यंत्रं वापरली नाहीत तर आपला धंदा बुडेल. स्विस लोकांनी ते ऐकलं. आज ज्या स्विस घड्याळांचं जगभर नाव आहे त्यांच्या मुळाशी एक अमेरिकन विचार आहे, आणि तो दुरुस्ती करणाराच्या रोजच्या सोयीचा आहे: तुटलेला भाग काढा, तसाच दुसरा घाला, यंत्र पुन्हा चालू.

अचूकतेचा आग्रहही इथे आला तो रेल्वेमुळे. एप्रिल १८९१मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. चौकशीत निघालं ते असं की एका इंजिनचालकाचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झालं होतं. त्यानंतर क्लीव्हलंडचे सराफ वेब बॉल यांच्यावर रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवली गेली आणि १८९३च्या सुमारास नियम ठरले: निदान १७ ज्वेल, पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेलं, आठवड्याला ३० सेकंदांच्या आत चूक. मुंबईच्या लोकलवर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना चार मिनिटांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आजही मी घड्याळ जुळवते तेव्हा डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी डावीकडे, चावी खाली अशा स्थितींत ते तपासते. त्या सवयीत रेल्वेच्या त्या नियमांचाही वाटा आहे.

खेळाच्या घड्याळांनाही अमेरिकेचीच माती लागली. फ्लोरिडातल्या डेटोना बीचची शर्यतीची धावपट्टी १९५९मध्ये सुरू झाली आणि १९६३मध्ये रोलेक्सने काढलेल्या क्रोनोग्राफला पुढे डेटोना हेच नाव मिळालं. त्याच्या काचेभोवतीच्या कड्यावर आकडे कोरलेले असतात, त्याला टॅकीमीटर म्हणतात. एक मैल पार करायला ४५ सेकंद लागले तर काटा जिथे थांबतो तिथे ८० लिहिलेलं असतं, कारण ३६०० भागिले ४५ म्हणजे ८०. ताशी ८० मैल. आमच्याकडे हमरस्त्याच्या कडेला दर मैलाला पाटी असते. माझी मुलगी लहान असताना मागच्या सीटवर बसून पाटी आली की बटण दाबायची, पुढच्या पाटीला थांबवायची आणि ‘‘आई, बाबांना सांग, पासष्टच्या वर जातायत’’ म्हणून ओरडायची. भागाकार तिला त्या काचेभोवतीच्या कड्याने शिकवला.

अमेरिकेशी असंच जोडलं गेलेलं दुसरं घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर. १९६४मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी हाताला बांधायचे क्रोनोग्राफ मागवले आणि अभियंता जेम्स रेगन यांनी त्यांच्या चाचण्या घेतल्या. ९३ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता, उणे १८ अंशांची थंडी, निर्वात पोकळी, ४० पट गुरुत्वाकर्षणाइतके धक्के, दिवसच्या दिवस दमट हवा. शेवटपर्यंत टिकलं ते ओमेगाचं घड्याळ, आणि मार्च १९६५मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये एड व्हाइट यानाबाहेर तरंगले तेव्हा ते त्यांच्या हातावर होतं. १९६९मध्ये चंद्रावर उतरलेल्या यानातला इलेक्ट्रॉनिक कालमापक बिघडला म्हणून नील आर्मस्ट्राँग यांनी आपलं घड्याळ आतच ठेवलं आणि बझ ऑल्ड्रिन आपलं हाताला बांधून खाली उतरले. एप्रिल १९७०मध्ये अपोलो १३वर स्फोट झाला, वीज वाचवण्यासाठी उपकरणं बंद करावी लागली, आणि मार्ग सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद जॅक स्वायगर्ट यांनी हातावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. चावी दिलेल्या कमानीच्या जोरावर चालणारं यंत्र. ना बॅटरी, ना वायर.

त्या काळातल्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ नावाचं कॅलिबर असायचं. माझ्या टेबलावर ते अधूनमधून येतं, आणि क्रोनोग्राफ कसा चालतो हे कोणाला दाखवायचं झालं तर मी तेच दाखवते, कारण त्यात सगळं मागच्या बाजूला उघडं असतं.

मागचं झाकण काढलं की एका कडेला किल्ल्याच्या बुरजांसारखे उभे खांब असलेलं एक चाक दिसतं. त्याला कॉलम व्हील म्हणतात. वरचं बटण दाबलं की हे चाक एक घर पुढे सरकतं. ज्या तरफेचं टोक खांबावर टेकलेलं होतं ते दोन खांबांच्या मधल्या पोकळीत उतरतं, आणि जे पोकळीत होतं ते खांबावर चढतं. एवढ्याशा हालचालीने एक बारीक दातांचं चाक बाजूने सरकत येऊन मधल्या चाकाला भिडतं आणि काटा पळू लागतो. पुन्हा दाबलं की ते चाक मागे हटतं आणि ब्रेक बसतो. हा सगळा हुकूम एका कॉलम व्हीलच्या हातात असतो.

हे भिडणं किती खोल असावं यावर सगळं अवलंबून आहे. दात फार आत गेले तर यंत्रावर भार येतो. वरवर भिडले तर काटा सुरू होताना उडी मारतो किंवा मधेच घसरतो. त्यासाठी एक विक्षिप्त स्क्रू असतो. त्याचं डोकं मध्यावर नसतं, म्हणून तो किंचित फिरवला की तरफ केसभर पुढेमागे होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, श्वास सावरून तो फिरवायचा, मग बटण दाबून पाहायचं, मग पुन्हा फिरवायचा. इथे घाई केलेली चालत नाही. आणि या बारीक दातांना तेल लावायचं नसतं. तेल लावलं की धूळ धरते आणि दात चिकटतात. तेल कुठे लावायचं हे शिकायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच कुठे लावायचं नाही हे शिकायला लागतो.

खालच्या बटणाची करामत मला अजूनही थक्क करते. मधल्या चाकाच्या दांड्यावर बदामाच्या आकाराची एक पोलादी चकती असते. बटण दाबलं की हातोडी येऊन तिच्या कडेवर आदळते. बदामाचा आकारच असा की हातोडी कुठेही पडो, चकती जवळच्या वाटेने घरंगळत नेहमी एकाच जागी येते, दोन फुगवट्यांमधल्या खाचेत. आणि ती जागा म्हणजेच काट्याचं शून्य. काटा सात सेकंदांवर असो की त्रेपन्नवर, तो बारावरच येणार. अ‍ॅडॉल्फ निकोल यांनी या कल्पनेचं पेटंट १८४४मध्ये घेतलं. आज लाखो रुपयांच्या नव्या घड्याळातही शून्य करायला हीच चकती असते.

जोडणी झाली की काटा बसवायचा. हा काटा दर वेळी फटका खाऊन शून्यावर येतो, म्हणून त्याची नळी दांड्यावर घट्ट बसावी लागते. बरोबर बारावर बसवायचा, मग सुरू, बंद, शून्य. सुरू, बंद, शून्य. दहा वेळा करूनही तो बारावरच येत असेल तर ठीक. केसभर बाजूला येऊ लागला तर काढायचा आणि नव्याने बसवायचा. शेवटी घड्याळ टायमिंग मशीनवर ठेवायचं. ते मशीन माइकने टिकटिक ऐकतं आणि दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे आहे ते सांगतं, आणि बॅलन्सचा, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकाचा, झोका किती अंशांचा आहे तेही सांगतं. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळाचा झोका साधारण २७० ते ३१० अंश भरतो. क्रोनोग्राफ सुरू केला की तो उतरतो. किती उतरतो त्यावरून माझी जुळणी कशी झाली ते कळतं. सेकंदाला आठ ठोके देणारं यंत्र दिवसाला ६ लाख ९१ हजार २०० ठोके देतं. यात दिवसाकाठी दोन-चार सेकंदांचा फरक राहिला तर ते काम चोख झालं असं मी मानते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

१९६९मध्ये झेनिथ या स्विस कंपनीने ‘एल प्रिमेरो’ नावाचं यंत्र काढलं. हात हलला की आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ, सेकंदाला दहा ठोके, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजू शकणारा. त्यानंतर लवकरच कंपनी शिकागोच्या झेनिथ रेडिओ कॉर्पोरेशनच्या मालकीची झाली. क्वार्ट्झचा जमाना आला होता, बॅटरीवरची घड्याळं स्वस्त आणि अचूक होती. १९७५मध्ये मालकांनी ठरवलं की यांत्रिक घड्याळं बंद, त्यांची यंत्रसामग्री काढून टाकायची. ल लोक्ल गावच्या कारखान्यात शार्ल वेर्मो नावाचे एक कारागीर होते. त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून विनंती केली, ती मान्य झाली नाही. मग त्यांनी एल प्रिमेरोचे साचे, कटर, हत्यारं आणि आराखडे कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवले, आणि कोणतं हत्यार कशासाठी आहे ते व्यवस्थित लिहून ठेवलं. काही वर्षांनी यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा तो माळा उघडला गेला. १९८८मध्ये रोलेक्सने आपोआप चावी भरणारी पहिली डेटोना काढली तेव्हा तिच्यात हेच यंत्र बरेच बदल करून बसवलं होतं. २००० साली रोलेक्सने स्वतःचं ४१३० आणेपर्यंत सगळ्या डेटोना त्याच्यावर चालल्या.

नव्वदच्या दशकातली डेटोना माझ्यापुढे आली की मला वेर्मो आठवतात. आज त्या घड्याळांसाठी लोक मागाल ती किंमत देतात. ती घड्याळं झाली ती एका कारागिराने माळ्यावर नेलेल्या हत्यारांच्या आणि लिहून ठेवलेल्या वहीच्या जोरावर. यंत्राची हुशारी कागदावर कितीही मोठी असली, तरी ते बनवण्याचं आणि उघडण्याचं ज्ञान सांभाळणारा माणूस गेला की ते यंत्र मेलं. याउलट एक माणूस जरी ते सांभाळून राहिला, तरी ते पुन्हा उभं राहू शकतं.

मागे एडिसनहून एक मराठी गृहस्थ आले होते. आयटीत चांगल्या हुद्द्यावर. बढती मिळाली तेव्हा घेतलेला क्रोनोग्राफ, काचेवर एक ओरखडा नाही.

‘‘ताई, बघा ना, काटा शून्यावर येत नाहीये. नवंच आहे हो, घातलंच नाही फारसं.’’

‘‘कुठे असतं?’’

‘‘बँकेच्या लॉकरमध्ये. दहा-बारा वर्षं झाली.’’

आत तेल चिकट झालं होतं, रबरी गॅस्केट ताठर झाल्या होत्या. हातोडी तिच्या जागी आखडली होती. झिजलेलं काही नव्हतं. सगळं खोललं, धुतलं, नवं तेल दिलं, गॅस्केट बदलल्या आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेऊन परत दिलं. देताना मी त्यांना सांगितलं, ‘‘हे रोज घाला. बटणं दाबत जा. चहा उकळताना दाबा, मुलगा पोहायला गेला की दाबा. आणि पाच-सात वर्षांनी एकदा उघडायला आणा.’’ ते हसले, पण घड्याळ त्यांनी तिथेच हाताला बांधलं. सोनं लॉकरमध्ये राहतं तसं यंत्र राहत नाही. तेलाला वय असतं, रबराला वय असतं.

याच्या उलट उदाहरणं जास्त सुखावणारी असतात. एक बाई आपल्या वडिलांची स्पीडमास्टर घेऊन आल्या. वडील विमानांचे मेकॅनिक. केसवर चरे, कडांना खोक, कड्यावरचे अर्धे आकडे उडालेले. त्यांची एकच अट होती: पॉलिश करायचं नाही. इथल्या जाणत्या गिऱ्हाइकांना हे कळतं. पॉलिशच्या चाकाखाली धातू कायमचा जातो आणि केसच्या धारदार कडा गोल होतात, त्या परत येत नाहीत. आतलं यंत्र मात्र सुरेख होतं, कारण मालकाने ते नियमाने सर्व्हिसिंगला दिलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या दुरुस्ती करणारांनी बारीक अक्षरात ओरखडून ठेवलेल्या खुणा होत्या. ही आमच्या धंद्यातली जुनी चाल: कोणी आणि कधी उघडलं याची नोंद. मला कधीच न भेटलेल्या त्या माणसांनी आपलं काम नीट केलं होतं, म्हणून माझं काम सोपं झालं.

पण हे काम पुढे चालू राहायचं तर दोन गोष्टी लागतात: सुटे भाग आणि शिकलेले हात. दोन्हींची टंचाई आहे.

भागांबद्दल सांगायचं तर गेल्या काही दशकांत बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आपले सुटे भाग फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरना आणि मान्यता दिलेल्या दुकानांना द्यायला सुरुवात केली. त्यामागची कारणं मला ठाऊक आहेत. अडाणी हातांनी बिघडवलेली महागडी घड्याळं मी पाहिली आहेत आणि खोटे भाग घातलेलीही. दर्जा राखण्याचा आग्रह चुकीचा नाही. पण ज्याने रीतसर शिक्षण घेतलं आहे, ज्याच्याकडे लागणारी हत्यारं आहेत, त्याला एक साधी स्प्रिंग मिळू नये हे मला पटत नाही. स्प्रिंग मिळाली नाही तर ती मी हाताने करते. पोलादाची पट्टी कापायची, घासायची, तापवून पाणी द्यायचं, निळसर रंगावर आणायची, आणि मूळ भागाशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहायची. बाबांनी सांगलीत हेच केलं. मिळत नाही म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवलं असं फार क्वचित व्हायचं. मी ते अभिमानाने करते. तरीही ज्या देशाने जगाला बदलता येणारे भाग दिले, तिथे सुटा भाग मिळवणं हे कामातलं सगळ्यात अवघड काम व्हावं, हे योग्य नाही. घड्याळ विकत घेणाराने कंपनीला किंमत दिलेली असते. ते कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

हातांबद्दल मात्र इथे आशा वाटावी असं बरंच आहे. पेनसिल्व्हेनियातच लिटिट्झ गावी रोलेक्सने २००१मध्ये घड्याळाची शाळा काढली. तिची इमारत वास्तुशिल्पी मायकेल ग्रेव्हज यांनी आखली. त्याहून जुनी गोष्ट न्यूयॉर्कची. दुसऱ्या महायुद्धातून पांगळे होऊन परतलेल्या सैनिकांसाठी क्वीन्समध्ये १९४५मध्ये जोसेफ बुलोव्हा घड्याळ-शाळा सुरू झाली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला टेबलावर बसून करण्यासारखं, डोकं आणि हात दोन्ही लागणारं आणि मानाने पैसे मिळवून देणारं काम तिथे शिकवलं गेलं. तोच विचार पुढे नेत डेलावेअरमधल्या ओडेसा गावात ‘व्हेटरन्स वॉचमेकर इनिशिएटिव्ह’ नावाची संस्था माजी सैनिकांना हे शिक्षण देते. युद्धाने ज्यांचं आयुष्य विस्कटलं, त्यांना एक विस्कटलेलं यंत्र पुन्हा चालू करून दाखवण्याची संधी मिळते. या कामाची याहून मोठी पावती मला दुसरी ठाऊक नाही.

इथे घड्याळ दुरुस्त करणाराला तंत्रज्ञ म्हणून मान आहे. परीक्षा आहेत, प्रमाणपत्रं आहेत, वर्कशॉपमध्ये धूळ येऊ नये म्हणून हवा गाळून घेतात. चांगल्या माणसासाठी दुकानदार वाट पाहतात. आपल्याकडे सांगली, सोलापूर, लातूरच्या बाजारपेठांत स्टँडजवळच्या पत्र्याच्या टपरीत बसून जो माणूस हेच काम करायचा, त्याला हा मान मिळाला नाही. त्याच्या डोळ्यात आणि बोटांत काही कमी नव्हतं. स्वस्त क्वार्ट्झ आलं, मग मोबाइल आला, एचएमटीचे कारखाने बंद पडले आणि त्या टपऱ्या एकेक करून उठल्या. त्यांच्याकडचं ज्ञान कोणी लिहून घेतलं नाही. आता आपल्याकडे पुन्हा तरुण मुलं यांत्रिक घड्याळं घेऊ लागली आहेत, जुन्या एचएमटी शोधून काढू लागली आहेत, पुण्या-मुंबईच्या दुकानांत लाखांचे क्रोनोग्राफ विकले जातात. ही घड्याळं पाच-सात वर्षांनी उघडावी लागणार. ती कोण उघडणार?

म्हणून आपल्याकडच्या तरुणांना मी आवर्जून सांगते की हा धंदा शिका. विज्ञान आवडत असेल, हात स्थिर असेल आणि चार तास एका जागी बसून एकच गोष्ट नीट करण्याची तयारी असेल, तर या कामात तुम्हाला कधी तोटा नाही. तंत्रनिकेतनांनी आणि आयटीआयनी याचा अभ्यासक्रम मनावर घ्यावा. जे जुने कारागीर अजून हयात आहेत त्यांना बोलवावं, त्यांना मानधन द्यावं, त्यांच्याकडून लिहून घ्यावं. वेर्मो यांनी एकट्याने माळ्यावर जे केलं, ते एखाद्या संस्थेला उजेडात, सगळ्यांच्या मदतीने करता येईल.

आणि ज्यांच्याकडे असं घड्याळ आहे त्यांनी ते वापरावं, वेळेवर उघडायला द्यावं, आणि विकत घेतानाच दुकानदाराला विचारावं: याचे भाग वीस वर्षांनी मिळतील का, आणि कोणाला मिळतील? गिऱ्हाइकं हा प्रश्न विचारू लागली तर कंपन्यांना उत्तर द्यावंच लागेल. स्पीडमास्टर चंद्रावर जाऊन आली आणि पन्नास वर्षांनंतरही माझ्यासारखीला ती खोलून चालू करता येते, कारण ती घडवणारांनी ती उघडता येईल अशी घडवली. आज घडणाऱ्या घड्याळांबद्दल पुढच्या पिढीतल्या एखाद्या कारागिराला हेच म्हणता यावं, एवढी व्यवस्था करणं आपल्या पिढीच्या हातात आहे.